जमा आणि नावे

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढे तिथे प्रदीप भिडे बातम्या वाचत, तेव्हा पूर असो की परीक्षेचा निकाल, आवाजाची पट्टी एकच. सरकारविरुद्ध ब्र निघत नसे, हे नावे टाकायलाच हवं. पण ‘आमची माती आमची माणसं’मधून शेतकऱ्याला बियाणं, खत, कीड यांची माहिती मिळे, ती जमेला. आता वाहिन्या डझनभर. चर्चेला सहा चौकटी, सहा माणसं, आणि सगळी एकदम ओरडणार! आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी कधी, हे मात्र शेजारच्या वहिनींनाच विचारावं लागतं. आम्हां बँकेतल्या कारकुनांच्या भाषेत सांगायचं तर खाती वाढली, शिल्लक घटली. पूर्वी चित्र गेलं की ‘व्यत्यय’ अशी पाटी तरी येई. आता व्यत्यय चोवीस तास चालतो; पाटी तेवढी गेली.