तडवींचा इस्लाम आणि गॅझेटियरमधले एक वाक्य

जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये तडवी भिल्लांच्या इस्लामचा निकाल जवळजवळ एका वाक्यात लागतो : भिल्ल स्त्रिया आणि मुसलमान पुरुष यांची ही संतती, आणि काळ औरंगजेबाचा. रावेर, यावल, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यातील तडवींबद्दल आजही बोलणे निघाले की हाच खुलासा पुढे येतो.

त्याला पहिला अडथळा खानदेशच्या इतिहासाचाच आहे. फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला थाळनेर दिले ते १३७० मध्ये. १३८२ पासून १६०१ पर्यंत इथे फारुकींची सत्ता होती. औरंगजेब तख्तावर आला १६५८ साली. मधली पावणेतीनशे वर्षे या वाक्यात कुठेच नाहीत. रावेरच्या शेजारचे बऱ्हाणपूर फारुकींनीच वसवले आणि नाव दिले खुलताबादच्या चिश्ती सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे. तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. मशिदीत संस्कृत कोरणाऱ्या राजवटीला ‘बाटवणारी’ एवढ्या एका शब्दात बसवता येत नाही.

सत्तेच्या जोरावर धर्म पसरला असता, तर बऱ्हाणपूरभोवतीची तापीकाठची सुपीक गावे आधी बदलली असती. तिथला लेवा पाटील, गुजर हिंदूच राहिला. बदलला तो डोंगराकडेचा भिल्ल, आणि तोही सगळा नाही. रिचर्ड ईटन यांनी बंगालबाबत हाच मुद्दा मांडला आहे : तख्त दिल्ली-आग्र्याला, मुसलमान बहुसंख्य मात्र दूरच्या पूर्व बंगालात. पण जंगल तोडून भातशेती उभी राहिली, हे त्यांचे तिथले उत्तर सातपुड्याला लागू पडत नाही.

मला त्यांचे विजापूरवरचे काम इथे अधिक उपयोगी वाटते. दखनीतल्या चक्कीनाम्यांमधून, म्हणजे दळताना म्हणायच्या गाण्यांतून, अल्ला-पीरांची नावे घरात कशी आली, हे ते दाखवतात. तिथे बाई धर्म घरात आणणारी आहे. गॅझेटियरमध्ये ती फक्त संतती देणारी.

हा वाद जुन्या कागदांपुरता नाही. धर्मांतरितांना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळा, अशी मागणी आज होते आहे. कायद्याने या यादीला धर्माची अट नाही, आणि महाराष्ट्राच्या यादीत ‘तडवी भिल्ल’ हे नाव आहे. तरी ‘आदिवासी की मुसलमान’ हा प्रश्न तडवींना विचारला जातो, तेव्हा त्यामागे १८८० चे ते वाक्यच उभे असते.