नाचणारी भिंत आणि नंतरची गर्दी

हौशी संस्थेने नाचगाण्याचं नाटक करायला घेतलं की पहिली अडचण गळ्याची नसते, गुडघ्यांची असते. पेटी-तबलेवाले मिळतात, गाणारे तर गावोगाव असतात. दोन अंक तालात उभी राहतील अशी पंधरा-वीस माणसं मात्र जमवताना दिग्दर्शकाच्या नाकी नऊ येतात.

याचं मूळ आपल्या संगीत नाटकातच आहे. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिलं, तेव्हापासून या परंपरेचा सगळा जीव गळ्यात. नटाने जागेवर उभं राहून पद आळवायचं, वन्समोअर घ्यायचा. नाच राहिला तमाशाच्या फडात, दशावतारात, कोकणातल्या नमन-खेळ्यांत. पांढरपेशा रंगभूमीने त्याला फारसं दाराच्या आत घेतलं नाही.

तो आत आला आणि थेट मधोमध येऊन उभा राहिला, तो १६ डिसेंबर १९७२ रोजी. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या पुण्याच्या हौशी संस्थेने विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ सादर केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल डॉक्टर, नाना फडणवीसांच्या भूमिकेतले मोहन आगाशेही डॉक्टर. पोटापाण्याचा उद्योग प्रत्येकाचा वेगळा. संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. आरंभी खेळ्यांसारखा गणपती नाचत येतो, मागे ब्राह्मणांची रांग झुलत राहते. हीच रांग पाठ फिरवते तेव्हा पडदा होते, तोंड वळवते तेव्हा शहर होते. बावनखणीत, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीत, लावणीवर ठेका धरते आणि कीर्तनात टाळ्या वाजवते. भक्ती आणि चैन यांना एकच ताल पुरतो, हे इथे पायांनी सांगितलं जातं. म्हणून यातला नाच काढून नाटक वाचता येईल, पण त्याचा दंश जाईल.

त्यानंतरच्या हौशी नाटकांत नाच वाढला, त्याचं काम मात्र घटलं, असं माझं मत आहे. स्पर्धेच्या आठ दिवस आधी कोरिओग्राफर बोलावला जातो. तो तीन गाण्यांवर ग्रुप डान्स बसवून देतो, सगळे समोर बघून हसत नाचतात, संवाद थांबतो, गाणं संपतं, संवाद पुन्हा सुरू. प्रेक्षागृहात टाळ्याही पडतात. पण हे गॅदरिंग झालं. पात्राला नाचावंसं का वाटलं, नाचून ते कुठे पोचलं, हा प्रश्न तालमीत कुणी विचारलेलाच नसतो.

त्यातून संगीत पेनड्राइव्हवर. साथीदार बाजूला बसलेले असले की नटाचं पाऊल चुकल्यास एक आवर्तन वाढवून सांभाळून घेतात. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. मग नट पात्र सोडून आकडे मोजू लागतो, आणि ते शेवटच्या रांगेतूनही दिसतं.

खेद अधिक वाटतो तो यासाठी की गर्दी ही हौशी रंगभूमीचीच मिरास आहे. व्यावसायिक निर्मात्याला प्रत्येक नटाची नाइट, म्हणजे प्रयोगागणिक मानधन, द्यावी लागते, बसमधली जागा मोजावी लागते. गाजलेलं ‘संगीत देवबाभळी’ (२०१७) पाहा: संगीतप्रधान नाटक, आणि रंगमंचावर पात्रं दोन. ते नाटक अप्रतिमच आहे, पण वीस जणांचा ताफा घेऊन दौरा काढणं व्यवसायाला झेपणं कठीण. हौशी संस्थेला झेपतं, कारण तिथे नाइटच नसते. जालन्याकडच्या मंडळींना घेऊन उभं राहिलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२) आठवावं. नृत्याचं रीतसर शिक्षण वगैरे बाजूला ठेवा. शाहिरीचा ठेका अंगात भिनलेला असला की समूह कसा हलतो, ते तिथे दिसलं. अशी अंगं कारखान्यांत, शेतांत, भजनी मंडळांत आजही आहेत. तालमीला मात्र बोलावणं जातं ते कॉलेजात वेस्टर्न शिकलेल्यांना.

अर्थात स्पर्धेची रचनाही आड येते. राज्य नाट्य स्पर्धेत प्राथमिक फेरीला एक प्रयोग, अंतिम फेरी गाठली तर आणखी एक. समूहनृत्य अंगात मुरायला एवढं पुरत नाही. ‘घाशीराम’चे प्रयोग संस्थेने थोड्याच काळात थांबवले, तेव्हा नाटक चालू ठेवण्यासाठी त्या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली, आणि १९८० मध्ये तीच रांग युरोपात जाऊन नाचली. आजचे बहुतेक संघ निकाल लागला की भाड्याचे कपडे परत करतात आणि पुढच्या वर्षीच्या संहितेच्या शोधाला लागतात.