एक दफन, दोन छायाचित्रे

माझ्या कात्रणांच्या फायलीत भोपाळ वायुकांडातल्या एका मुलाच्या दफनाचे छायाचित्र आहे. वर्तमानपत्री कागद, ठिपक्याठिपक्यांची छपाई, कृष्णधवल. मातीत पुरला जात असलेला इवलासा चेहरा आणि उघडेच राहिलेले पांढुरके डोळे. कितीतरी वर्षे मी ते रघु राय यांचे म्हणून लोकांना दाखवत आलो. पुढे एका ग्रंथालयात पाब्लो बार्थोलोम्यू यांचे छायाचित्र मूळ रंगांत पाहिले, तेव्हा लक्षात आले की माझे कात्रण म्हणजे त्याचीच काळी-पांढरी छपाई. चूक नुसत्या नावाची असती तर खोडून दुरुस्त केली असती. पण त्या कात्रणाच्या आधारे मी कृष्णधवलच्या संयमाबद्दल, छायाचित्रकाराने जाणीवपूर्वक नाकारलेल्या रंगांबद्दल बरेच काही बोललो होतो. प्रत्यक्षात रंग नाकारला होता छापखान्याने.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. त्यानंतर भोपाळला पोचलेल्या या दोघांनीही एकाच दफनाच्या वेळी एकच मूल टिपले. बार्थोलोम्यूंच्या रंगीत छायाचित्राला त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा सर्वोच्च मान मिळाला. रायांचे कृष्णधवल छायाचित्र पुढे वायुपीडितांच्या लढ्याची ओळख बनले. विषय एक, प्रसंग एक, आणि माध्यम वेगळे, असा योग समीक्षकाच्या वाट्याला क्वचितच येतो. योग म्हणतानाही जीभ अडखळते. त्या मुलाचे नाव आपल्यापर्यंत पोचलेले नाही.

रायांच्या चौकटीत चेहऱ्याजवळ एक मोठा हात आहे. रंग गेल्यामुळे माती, खडे, कातडी आणि तो हात एकाच राखाडी पोताचे होतात. आधी आकार दिसतो, मग मूल. नजर हाताकडून कपाळाकडे येते आणि मनात जगभरच्या सगळ्या पोरक्या आईबापांची चित्रे जागी होतात. भोपाळ मागे पडते. बार्थोलोम्यूंच्या चित्रात तसे होत नाही. तिथे माती मातीच्या रंगाची आहे आणि कातडी अजून कातडीच्या. मूल अजून मातीत मिसळलेले नाही. त्याहून महत्त्वाचे ते डोळे. काळ्या-पांढऱ्यात ती पांढुरकी झाक उजेडाची तिरीप म्हणूनही खपून जाते. रंगात ती इजा आहे. या वायूने डोळे जाळले होते, हे ते चित्र पाहताच समजते. इथे रंग म्हणजे पुरावा.

मग प्रतीक कृष्णधवल चित्राचेच का झाले? ‘काळे-पांढरे अधिक गंभीर’ हे नेहमीचे उत्तर मला आता पुरेसे वाटत नाही. त्यामागे एक रोकडे कारणही असावे. कृष्णधवल चित्र स्वस्त छपाईत टिकते. ते हँडबिलावर चालते, झेरॉक्सच्या झेरॉक्समध्येही ओळखू येते. मोर्चात धरायच्या फलकासाठी यापेक्षा सोयीचे काय? ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांना परवडणारे ते दुःखाचे रूप होते, आणि हे मी कौतुकाने लिहितो आहे.

रघुबीर सिंह यांची भूमिका इथे आठवणे भाग आहे. रायांप्रमाणेच 1942 साली जन्मलेल्या या छायाचित्रकाराने ‘रिव्हर ऑफ कलर’ (1998) मध्ये ठामपणे मांडले की भारतीय नजर रंगातच पाहते. कृष्णधवलची उदासी पश्चिमेची, आपला वारसा लघुचित्रांचा. मांडणी देखणी आहे, पण तिच्यात रंग म्हणजे जीवनाचा स्वीकार. बार्थोलोम्यू यांनी ती उलटीच करून ठेवली आहे: सत्तरच्या दशकापासून मित्र, घर, दिल्ली-मुंबईचे रस्ते हे त्यांचे जिव्हाळ्याचे जग त्यांनी कृष्णधवलमध्ये टिपले आणि भोपाळचा मृत्यू रंगात. अशा वेळी नजरेच्या राष्ट्रीयत्वाचा सिद्धांत फारसा कामाला येत नाही.

आपल्याकडचे उदाहरण सुधारक ओलवे यांचे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरचे त्यांचे काम कृष्णधवल आहे. गटारात उतरलेल्या माणसाचे चित्र रंगात असते तर पाहणाऱ्याने आधी नाक मुरडले असते. आता तो आधी चेहरा पाहतो. ही निवड मला पटते. पण तिची किंमतही दिसते. जी घाण त्या कामगाराला रोज अंगावर घ्यावी लागते, ती आपल्याला पाहण्याजोगी करून मिळते. त्या चित्रांसमोर मी जास्त वेळ उभा राहू शकलो, याचे श्रेय माझ्या संवेदनशीलतेला किती आणि गेलेल्या रंगाला किती, हे मला ठरवता आलेले नाही.

फिल्मच्या काळात रोल भरतानाच निर्णय होत असे. आजचा बहुतेक डिजिटल कॅमेरा रंग टिपतोच. तो नंतर टेबलाशी बसून काढला जातो. त्यामुळे अलीकडे प्रदर्शनात कृष्णधवल चित्र दिसले की त्यातून काय काढले आहे, हे मी आधी शोधतो. आयोजक वैतागतात.

कात्रणाखाली आता पेन्सिलीने बार्थोलोम्यूंचे नाव घातले आहे. पुढे कंसात: मूळ रंगीत.