चित्रकथासंग्रहाची परिभाषा : श्रेणी आणि संहिता

अमेरिकेत चित्रकथांचे, म्हणजे ज्यांना आपण सर्रास 'कॉमिक' म्हणतो त्यांचे जुने अंक जमविणाऱ्यांची एक स्वतंत्र परिभाषा गेल्या अर्धशतकात सिद्ध झाली आहे. १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची किंमतदर्शिका प्रथम निघाली आणि अंकाची स्थिती सांगणारे शब्द हळूहळू स्थिर झाले. पुढे २००० साली 'सर्टिफाइड गॅरंटी कंपनी' स्थापन झाली व या शब्दांना आकड्यांची जोड कायमची मिळाली. अंक पारखावा, त्यास ०.५ पासून १० पर्यंतचा एक आकडा द्यावा आणि मग तो कठीण पारदर्शक डबीत बंद करावा, अशी ही रीत आहे. डबी फोडता येत नाही असे नाही. पण फोडली की आकडा रद्द.

भाषाभ्यासकाचे लक्ष प्रथम वेधून घेतो तो या शब्दांचा उतरता भाव. 'गुड' म्हणजे चांगला. पण या श्रेणीत 'गुड' म्हणजे दहापैकी २. 'व्हेरी गुड' ४ वर, 'फाइन' ६ वर, 'व्हेरी फाइन' ८ वर. 'गुड'च्या खाली 'फेअर' आणि 'पुअर' एवढेच काय ते उरतात. शब्दाचे मूल्य त्याच्या स्वतःच्या अर्थात नसून शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदात असते, हा सोस्यूरचा सिद्धान्त शिकविताना याहून सुबोध उदाहरण क्वचितच हाती लागेल. आपल्याकडे 'बरा' या शब्दाचे असेच झाले आहे. परीक्षेहून आलेला विद्यार्थी 'पेपर बरा गेला' म्हणाला, की घरची मंडळी काय ते समजतात.

परंतु खरा विचार करावयास हवा तो 'मिंट' या शब्दाचा. ९.४ म्हणजे 'निअर मिंट', ९.९ म्हणजे 'मिंट'. मिंट म्हणजे टांकसाळ. चित्रकथा टांकसाळीत पडत नाही. ती स्वस्त वृत्तपत्री कागदावर छापली जात असे. शब्द उघडच नाणेसंग्राहकांकडून आलेला आहे. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकी सेंट नाण्यांसाठी सत्तर अंशांची श्रेणी मांडली होती. आणि उपर्युक्त कंपनीही ज्या व्यवसायसमूहात जन्मली, त्यातील नाणी पारखणारी संस्था १९८७ पासूनची आहे. उसना शब्द एकटा येत नाही, आपल्या मूळ घरच्या चालीरीतीही बरोबर आणतो. नाण्याला दोनच बाजू असतात. डबीत घातले तरी त्याचे वाचायचे सारे दिसत राहते. पुस्तकाचे तसे नाही. डबीतून मुखपृष्ठ दिसते, मलपृष्ठ दिसते, मधली कथा दिसत नाही. पुस्तकाला नाण्याची परिभाषा लावली आणि पुस्तक दुतर्फी वस्तू होऊन बसले.

एकाच अंकाच्या दोन गती पाहिल्या म्हणजे हे स्पष्ट होईल. 'अमेझिंग फँटसी'चा १५ वा अंक १९६२ साली बारा सेंटांस विकला गेला. 'स्पायडर-मॅन' प्रथम अवतरला तो याच अंकात. त्याची ९.६ श्रेणीची एक प्रत सप्टेंबर २०२१ मध्ये लिलावात ३६ लक्ष डॉलरांना गेली. अर्थातच बंद डबीत. त्याच अंकासाठी स्टीव्ह डिटको यांनी काढलेली मूळ चित्रांची २४ पाने मात्र २००८ साली एका अनामिक दात्याने वॉशिंग्टनच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ला देऊन टाकली. त्या पानांवर शाईखालच्या पेन्सिलीचे अवशेष आहेत, पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या आहेत. एका पानाच्या समासात संपादक स्टॅन ली यांची डिटको यांस सूचना आहे : मोटार बंद टपाची दाखवावी, बाहेर हात लोंबकळू नयेत, बेफाम हाकल्याचा भास होऊ नये. १९५४ च्या आचारसंहितेचा धाक त्या काळच्या संपादकास किती होता, हे या दोन ओळींवरून जेवढे कळते तेवढे छापील प्रतीवरून कधीच कळणार नाही. पाठचिकित्सा करणाऱ्यास आणखी काय हवे असते?

यावरून मूळ चित्रांचा बाजार निर्दोष आहे असे मात्र समजू नये. जानेवारी २०२२ मध्ये 'सीक्रेट वॉर्स'च्या ८ व्या अंकातील (१९८४) माइक झेक यांचे पंचविसावे पान सुमारे ३३.६ लक्ष डॉलरांना विकले गेले. एक पान! कथेचे पान न् पान निरनिराळ्या भिंतींवर गेले, की हम्झानाम्याची जी दशा झाली तीच या संहितांचीही होणार. शिवाय ही चित्रे एकेकाळी कारखान्यातील रद्दी मानली जात. जॅक कर्बी यांनी दहा हजारांवर पाने काढली असतील; १९८७ साली प्रकाशकाने त्यांना परत केली ती सुमारे दोन हजार. लिलावाचे आकडे वाचताना हा हिशेबही ध्यानी ठेवावा.

श्रेणीकरणाच्या बाजूने एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. गुपचूप रंग भरलेल्या, कडा छाटलेल्या प्रती निर्दोष म्हणून खपविण्याचा धंदा त्याने बराच रोखला. दुरुस्त केलेल्या प्रतीवर जांभळी चिठ्ठी असते. पानांचा रंग पांढरा की पिवळसर, याचीही नोंद होते. ही नोंद हस्तलिखितांच्या सूचिकाराला शोभेल अशीच आहे. पण त्याच पद्धतीत लेखकाची स्वाक्षरी कंपनीच्या साक्षीदारासमोर झाली तर गुण, आणि घरी बसून केली तर दोष, असे बराच काळ चालत असे! शाई तीच, हात तोच. ऑस्टिनच्या वाक्क्रियासिद्धान्ताच्या अभ्यासकांनी हे उदाहरण अवश्य टिपून ठेवावे.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूर आहे असेही नाही. १९६४ साली सुरू झालेली 'इंद्रजाल कॉमिक्स' मराठीतही निघत, आणि त्या अंकांना आज गिऱ्हाईक आहे. विक्रेते 'मिंट' हा शब्द वापरूही लागले आहेत. भाषांतरित संवादांची मराठी, वाचकांची पत्रे, जाहिराती हे सारे अभ्याससाहित्य छापील प्रतींतच आहे, आणि अभ्यासकाच्या उपयोगाची असते ती बहुधा 'गुड' दर्जाची, निर्धास्तपणे उघडता येणारी प्रत. प्रस्तुत लेखकाजवळ असा एक अंक आहे. मुखपृष्ठावर मालकाचे नाव व 'इयत्ता ५ वी, तुकडी ब' असे शाईने लिहिलेले आहे. आत एका संवादाच्या फुग्यातील ग्रांथिक शब्द त्याच मुलाने खोडून वर बोलीतला शब्द लिहिला आहे. पारखणाऱ्याच्या लेखी हे दोन दोष. आमच्या लेखी ती भाषांतरित मराठीवरची एका वाचकाची दुरुस्ती आहे, आणि विभागाच्या संग्रहात तो अंक आम्ही पाठभेदाच्या नोंदीसह दाखल केला आहे.