रहस्य आणि उत्कंठा : 'पाठलाग'च्या निमित्ताने

श्वास रोखून पाहायला लावणाऱ्या चित्रपटाला आपण मराठीत सरसकट 'रहस्यपट' म्हणतो. शब्द सोयीचा आहे, पण त्याने थोडा घोटाळाही करून ठेवला आहे. रहस्य म्हणजे प्रेक्षकाला जे ठाऊक नाही ते. त्यावरून असा समज होतो की, जितके जास्त लपवावे तितका चित्रपट रंगतो. मग कथालेखक शेवटच्या दहा मिनिटांसाठी सारे राखून ठेवतो आणि आधीचे दोन तास दारांची करकर, मांजरांच्या उड्या आणि ढोलाचे दणके यांवर भागवतो. आम्हाला वाटते, की प्रेक्षकाला जागेवर खिळवून ठेवते ते त्याचे अज्ञान नव्हे. त्याला काहीतरी ठाऊक असते आणि त्याबाबत त्याला काहीच करता येत नाही, म्हणून तो खिळतो.

एक कल्पित प्रसंग घेऊ. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या उत्तरेला हर्सूल आहे. बाहेरगावच्या लोकांना हे नाव तेथील मध्यवर्ती कारागृहामुळे माहीत असते. शहरवासीयांना ते खाम नदीवरच्या तलावामुळे माहीत असते. समजा, पावसाळ्यात या तलावाच्या काठी दोन मुले भाजलेले कणीस खात बसली आहेत आणि सहामाहीच्या गुणांविषयी बोलत आहेत. बोलता बोलता एकाच्या खालचा दगड निसटतो आणि तो पाण्यात पडतो. प्रेक्षक दचकेल. पण दचकणे दोन-तीन सेकंदांचे, आणि त्याआधीचे सारे संभाषण कंटाळवाणेच. आता एवढाच बदल करा. मुले येण्यापूर्वी पडद्यावर तो दगड दाखवा, त्याच्या खालची माती वाहून चालली आहे हे दाखवा, आणि मग मुलांना येऊ द्या. त्यातला एक नेमका त्याच दगडावर बसतो. संभाषण तेच, गुणही तेच. पण आता प्रत्येक वाक्य लांबल्यासारखे वाटते. 'अरे, ऊठ तिथून!' असे म्हणावेसे वाटते, आणि म्हणता येत नाही.

ही युक्ती आमची नाही. आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाने १९६२ साली फ्रान्स्वा त्रूफो या तरुण फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत ती टेबलाखालच्या बाँबचे उदाहरण देऊन सांगितली होती. बाँब अचानक फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का मिळतो. बाँब आहे हे त्याला आधी सांगितले तर १५ मिनिटांची उत्कंठा मिळते, असा त्याचा हिशेब होता.

हा हिशेब शरीरशास्त्राच्या बाजूनेही पटण्यासारखा आहे. दचकणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मोठा आवाज झाला की मस्तिष्कस्तंभातून निघालेला संदेश पापण्या मिटवतो, मान आणि खांदे आखडतो. कथा समजण्याची त्यासाठी गरज नाही. झोपलेले तान्हे मूलसुद्धा दचकते. उत्कंठेला मात्र स्मृती लागते, अंदाज लागतो, आणि पडद्यावरच्या माणसाविषयी आस्था लागते. म्हणून दणक्यांवर चालणारा चित्रपट पाहून घाम फुटला, तरी घरी जाईपर्यंत तो विसरला जातो.

या बाबतीत काही मनोरंजक प्रयोग झाले आहेत. उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेक्षकांना चुंबकीय अनुस्पंदन यंत्रात झोपवून चित्रफिती दाखवल्या आणि वेगवेगळ्या माणसांच्या मेंदूंतील हालचाली परस्परांशी किती जुळतात हे पाहिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात, हिचकॉकच्या दूरचित्रवाणीवरील एका भागाने मेंदूच्या बाह्यपटलाच्या ६५ टक्क्यांहून अधिक क्षेत्रात सर्वांचे प्रतिसाद सारखे आणले. एका बागेत कॅमेरा नुसता ठेवून घेतलेल्या, कोणतीही काटछाट न केलेल्या चित्रणात हे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी होते. तो हिचकॉकचा भाग होता १९६१ सालचा 'बँग! यू आर डेड'. त्यात एका लहान मुलाच्या हाती खरे, गोळ्या भरलेले पिस्तूल लागते आणि तो ते खेळण्यातले समजून गावभर लोकांवर रोखत फिरतो. पिस्तूल खरे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, मुलाला नाही. म्हणजे पुन्हा निसटता दगडच. अर्थात मेंदू एका तालात चालले म्हणजे कलाकृती थोर ठरली असे नव्हे. शाळेची शेवटची घंटा वाजतानाही सगळे वर्ग एका तालात असतात!

दुसरा प्रयोग हवेचा आहे. जर्मनीतील माइन्त्स येथे २०१३-१४ च्या हिवाळ्यात रसायनशास्त्रज्ञांनी एका चित्रपटगृहातून बाहेर पडणारी हवा सतत मोजली. 'द हंगर गेम्स : कॅचिंग फायर' या चित्रपटाच्या वेगवेगळ्या खेळांत, त्याच त्या उत्कंठेच्या प्रसंगी, हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन यांचे प्रमाण वाढलेले दिसले. नायिका संकटात सापडली की प्रेक्षकांचे स्नायू ताठरतात, श्वास बदलतो, आणि त्याची नोंद छताजवळच्या झरोक्यात होते. 'श्वास रोखून पाहिला' असे आपण म्हणतो, त्यात अलंकार वाटतो तितका नाही.

हे सारे मनात ठेवून आता मराठीतल्या एका नमुनेदार चित्रपटाकडे वळू. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४ साली आला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो आधारलेला होता. काशिनाथ घाणेकर आणि भावना त्यात प्रमुख भूमिकांत होते. दोन वर्षांनी राज खोसला यांनी त्यावरून हिंदीत 'मेरा साया' काढला आणि तो बहुतेकांना ठाऊक आहे. कथेचा गाभा असा : एका बॅरिस्टरची लाडकी पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत वारते. तो दुःखात बुडालेला असतानाच पोलीस एका गुन्हेगारी टोळीतल्या स्त्रीला पकडतात. ती हुबेहूब त्याच्या पत्नीसारखी दिसते आणि 'मीच यांची बायको' असे सांगते. प्रकरण न्यायालयात जाते. (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी येथे थांबून तो आधी पाहावा. पुढे शेवट सांगितला आहे.)

या रचनेचे सामर्थ्य कशात आहे? साध्या खूनकथेत संशयित पाच-सहा असतात. प्रेक्षक मनात एकेकाला काट मारत जातो. येथे शक्यता दोनच आहेत आणि दोन्ही अशक्य आहेत. पत्नी मेली, हे नवऱ्याने स्वतः पाहिले आहे. आणि समोरची स्त्री फक्त पत्नीलाच ठाऊक असणाऱ्या गोष्टी सांगते आहे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला ही अवस्था चांगली परिचयाची असते : दोन मोजमापे, दोन्ही विश्वासार्ह, आणि एकमेकांशी न जुळणारी. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या माहिती-सिद्धान्तात अनिश्चितता मोजण्याची रीत आहे. दोन शक्यतांपैकी एक नव्वद टक्के संभवनीय असेल तर अनिश्चितता कमी. दोन्ही समसमान असतील तर ती सर्वाधिक. न्यायालयाच्या दृश्यांत दिग्दर्शकाने नेमके हेच साधले आहे. तिचे एक उत्तर बरोबर आले की पारडे तिच्याकडे झुकते. लगेच त्या मृत्यूची आठवण ते मागे ओढते. एरवी बरोबर उत्तर मिळाले की ताण कमी होतो. येथे प्रत्येक बरोबर उत्तराबरोबर तो वाढतो.

हर्सूल येथे काही शिक्षक आणि अकरावी-बारावीचे विद्यार्थी यांच्यासमवेत आम्ही हा चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिला. कृष्णधवल चित्रपट म्हटल्यावर प्रारंभी मुलांची चुळबुळ होती. न्यायालय सुरू झाल्यावर ती थांबली. शेवट झाल्यावर एका विद्यार्थिनीने रोखठोक आक्षेप घेतला : 'सर, जुळी बहीण आणली की काहीही सिद्ध करता येतं. ही फसवणूक आहे.'

आक्षेप बिनतोड आहे. मेली ती पत्नीची जुळी बहीण, हा खुलासा सगळ्या घटनांचे स्पष्टीकरण देतो हे खरे. पण आधी त्याची पडताळणी करण्याची संधी प्रेक्षकाला मिळत नाही. विज्ञानात अशा गृहीतकाला आपण सोयीपुरते गृहीतक म्हणतो आणि त्याच्याकडे संशयाने पाहतो. रहस्याचा उलगडा म्हणून 'पाठलाग'चा शेवट लंगडाच आहे, आणि हिंदी आवृत्तीनेही ते लंगडेपण जसेच्या तसे उचलले.

पण मग हा चित्रपट साठ वर्षे टिकला कसा? त्या दिवशी आमच्यापैकी ज्या शिक्षकांनी तो पूर्वी पाहिला होता, तेच न्यायालयाच्या वेळी अधिक अस्वस्थ होते. शेवट ठाऊक असल्यावर उत्कंठा संपायला हवी होती. ती वाढलेली दिसली. कारण उघड आहे. दुसऱ्या वेळी पाहताना, पिंजऱ्यात उभी असलेली स्त्री खरे बोलते आहे हे आपल्याला ठाऊक असते. तिचा नवरा आपली सारी बुद्धी पणाला लावून स्वतःच्याच पत्नीला खोटे ठरवू पाहतो आहे, आणि त्याला ते कळत नाही. प्रत्येक प्रश्न आता तिला लागतो म्हणून आपल्याला लागतो. पहिल्या वेळी 'पाठलाग' हा रहस्यपट असतो. दुसऱ्या वेळी तो हिचकॉकच्या हिशेबातला उत्कंठापट होतो, आणि आमच्या मते हा दुसरा चित्रपट पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. परांजप्यांनी जुळ्या बहिणीची गोष्ट मध्यंतराच्या आसपासच प्रेक्षकाच्या कानी घातली असती तर? रहस्य गेले असते. पण पहिल्याच खेळात लोक 'अहो, ओळखा तिला!' असे मनात ओरडले असते.

उत्कंठा उभी करणे एक, आणि तिचे पुढे काय करायचे हे दुसरे. 'सॅबोटाज' या १९३६ सालच्या चित्रपटात हिचकॉकने एका निरागस मुलाच्या हाती बाँबचे पार्सल दिले, मुलाला रस्त्यात रेंगाळायला लावले, घड्याळे दाखवली, आणि शेवटी बसमध्ये बाँब फुटू दिला. प्रेक्षक चिडले. ती आपली चूक झाली, असे तो पुढे म्हणत असे. इतका ताण दिल्यावर सुटका द्यायला हवी होती.

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) ला कोणी थरारपट म्हणणार नाही, पण त्याचा शेवट या प्रश्नाला वेगळे उत्तर देतो. माहेरची माणसे भेटी घेऊन दारात येतात, आर्ची चहा ठेवते, परशा घरी येतो. पडद्यावर भीतिदायक काहीही नाही. पण या घराण्याची ओळख दोन तासांत आपल्याला झालेली असल्यामुळे कपातल्या चहाचीही धास्ती वाटते. हत्या प्रत्यक्ष दाखवलेली नाही. लहान मूल परत येते तेव्हा आवाज पूर्णपणे काढून घेतला आहे. सुटका नाहीच, आणि हिचकॉकच्या नियमाप्रमाणे प्रेक्षकाने चिडायला हवे. तो चिडतो; पण दिग्दर्शकावर नव्हे. आमच्या मते तेथे सुटका दिली असती तर ती लबाडी झाली असती. पार्श्वसंगीताचा एक दणका तेथे घातला असता तरी सगळे बिघडले असते. ज्या मालिका एकाच चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा आदळतात, त्यांच्या दिग्दर्शकांनी ही काही मिनिटे पुनःपुन्हा पाहावीत.

शिक्षकांना वर्गात हे करून पाहता येईल. 'पाठलाग'मधील न्यायालयाचा दहा मिनिटांचा भाग निवडावा. निम्म्या विद्यार्थ्यांना शेवट आधी सांगावा, निम्म्यांना सांगू नये, आणि दोन्ही गट वेगळे बसवावेत. मनगटावरची नाडी दृश्यापूर्वी आणि दृश्यानंतर लगेच ३० सेकंद मोजून दुप्पट करावी. जिना चढून आलेल्यांना आधी पाच मिनिटे बसू द्यावे, आणि शेजाऱ्याने हसवले असल्यास ती नोंद बाद करावी. एक गोष्ट येथे लक्षात ठेवावी : एकाग्रतेने वाट पाहताना हृदयाची गती क्षणभर मंदावतेही, तेव्हा आकडे खाली गेले तर प्रयोग फसला असे समजू नये. दोन्ही गटांच्या सरासरीत फरक दिसला नाही तरी तसे स्पष्ट लिहावे. 'सैराट'चा शेवट मात्र या कामासाठी वापरू नये, निदान दहावीच्या खालच्या वर्गात तरी.