बोध आणि सोबत

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मूल हे तालुक्याचे गाव आहे. भोवती धानाची शेती आणि पलीकडे जंगल. जुन्या चांदा जिल्ह्याच्या ह्या मुलुखात एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन आले, आणि मराठी बोलणारी ख्रिस्ती घरे इथे थोडी का होईना रुजली. अशा घरातला पंधरा वर्षांचा मुलगा आज काय पाहतो, काय वाचतो, ही काळजी पाळकांची आणि आईबापांची मानली जाते. माझ्या मते ती मराठी वाङ्मयाचीही आहे.

पडद्यावर त्याला आपल्या धर्माचा माणूस कसा दिसतो? ‘बॉबी’तला (१९७३) जॅक ब्रॅगांझा किंवा ‘अमर अकबर अँथनी’तला (१९७७) दारूचा गुत्ता चालवणारा अँथनी. माणसे दिलदार खरी. पण दोघेही गोव्याकडच्या वळणाचे आणि बाटलीच्या सोबतीचे. धानाच्या बांधावर वाढलेला, वऱ्हाडी-झाडी मिसळीची मराठी बोलणारा ख्रिस्ती मुलगा त्यांत कोठेच नाही. आता पडदा खिशात आला आहे. त्यावर एका क्षणी परदेशी प्रवचनकार चमत्काराची हमी देतो, तर दुसऱ्या क्षणी कोणी तरी त्याला परका ठरवतो. परीक्षेतले अपयश, शरीराची लाज, श्रद्धेविषयीची शंका, हे सारे त्याच्या मनात त्याच वेळी चाललेले असते. गाव लहान, बोलावे तर घराची अब्रू जाते.

अशा मुलाच्या हाती आपण काय देतो? बोध! अमेरिकन मिशनने एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी काढलेल्या मासिकाचे नावच ‘बालबोधमेवा’ होते. त्या मासिकाचे ऋण मोठे आहे, हे मान्य. परंतु नुसता मेवा खाऊन भूक भागत नाही. ‘हे पाहू नकोस, ते वाचू नकोस’ असे सांगणाऱ्याला मुलगा मान डोलावून उत्तर देतो आणि दार लावून तेच पाहतो.

ह्यापेक्षा खोल असे काही आपल्याच ख्रिस्ती वाङ्मयात आहे. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ ह्या आत्मचरित्रात त्यांनी तरुणपणीची देवभक्ती, परमहंस सभेतला वावर आणि लांबलेली घालमेल सांगितली आहे. नव्या छापील मजकुराच्या माऱ्यात सापडलेल्या तरुणाचीच ही हकीकत. मात्र तीत एक उणीव जाणवते. प्रत्येक शंका ही ठरलेल्या दाराकडे नेणारी पायरी होते. वाचकाला शेवट आधीच ठाऊक असतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे तसे नाही. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई कोसळल्या, रागावल्या, वर्षानुवर्षे दुरावल्या; परत आल्यावरही सोवळे सांभाळून राहिल्या, आणि बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. हे सांगताना त्या स्वतःलाच हसतात. नवऱ्याच्या लहरीपणावर त्या पांघरूण घालत नाहीत, आणि तरी त्यांच्या प्रेमाला उणेपणा येत नाही. गोंधळलेल्या मुलाला हेच हवे असते: श्रद्धा आणि चिडणे एका घरात राहू शकतात, ह्याची साक्ष. ही खरी सोबत होय.

तरीही ह्या पुस्तकापाशी थांबता येणार नाही. ते नाशिक-नगरकडच्या, ब्राह्मण घरातून आलेल्या बाईचे आहे. चांदा भागातल्या ख्रिस्ती घरांपैकी बहुतेकांची वाट निराळी, जातीचे चटके निराळे. मूलच्या मुलाला त्यात मन सापडेल. घर सापडणार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मावरून त्यांना विरोध झाला. तरी ते व्यासपीठावर गेले आणि मराठीत बोलले. वसईचा आवाज असा मराठीच्या मध्यभागी आला; झाडीपट्टीचा अजून यायचा आहे.

तो कोणा थोर उपदेशकाचा असण्याची गरज नाही. मूलच्या एखाद्या मोठ्या बहिणीने ‘मलाही असेच झाले होते’ एवढे प्रामाणिकपणे लिहिले, तरी खिशातल्या पडद्याला तोडीस तोड उत्तर मिळेल. बोध करणारे पुष्कळ झाले. कबुली देणारे हवे आहेत.