नऊ मुलें आणि उरलेलीं दहा

कॅथरिन मॉरिस या टोपणनांवानें लिहिणाऱ्या एका अमेरिकन मातेचें ‘लेट मी हिअर युअर व्हॉइस’ हें पुस्तक १९९३ सालीं प्रसिद्ध झालें. पुस्तक आतां जुनें झालें खरें. पण ज्या घरांत बोलूं लागण्याच्या वयांत मूल अबोल होतें, तेथील वाचकांस तें अद्यापि ओढून घेईल, म्हणून त्याचा परामर्श घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मॉरिसबाईंची कन्या पुरती दोन वर्षांचीहि नव्हती, तोंच तिला ऑटिझम असल्याचें निदान झालें. पुढें धाकट्या मुलाचेंहि तेंच. या अबोलपणाचें खापर आईच्या थंड स्वभावावर फोडणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइमसारख्या पंडितांचा बाईंनीं घेतलेला समाचार खरपूस आहे, आणि तो योग्यच आहे. मुलाला बळेंच कवटाळून बसण्याच्या उपचारावर आपण स्वतः कशा भाळलों, हेंहि त्या लपवीत नाहींत. या कबुलीमुळें आमचा त्यांच्यावरील विश्वास वाढला.

वर्तनविश्लेषणाची पद्धति दिसावयास रूक्ष. शिकवावयाच्या गोष्टीचे बारीक तुकडे पाडावयाचे. ‘इकडे बघ’ म्हणावयाचें. मुलानें न केलें तर हात धरून करवावयाचें. केलें तर तत्क्षणीं खाऊ, गुदगुल्या किंवा शाबासकी द्यावयाची. मग हळूहळू हाताचा आधार काढून घ्यावयाचा. प्रत्येक प्रयत्नाची नोंद कागदावर. बाईंस आरंभीं हा जनावरें शिकविण्याचा प्रकार वाटला. शिक्षिका घरीं येते, मुलगी रडूं लागते आणि आईचा जीव कासावीस होतो, हा भाग आम्हांस सर्वांत सरस वाटला. त्यांचा मतपालट युक्तिवादानें होत नाहीं. मुलीच्या तोंडून येणाऱ्या एकेका शब्दानें होतो.

त्यांचा मुख्य आधार म्हणजे लॉस एंजेलिस येथील प्रा. ईवार लोवास यांचा १९८७ चा निबंध. त्यांत १९ लहान मुलांना दोन वा अधिक वर्षें, आठवड्यास सुमारें ४० तास शिकविलें. पैकीं ९ मुलें सामान्य शाळेंत पहिली इयत्ता पार करून बुद्धिमापनांतहि सामान्य ठरलीं. परंतु कोणतीं मुलें कोणत्या गटांत जावीं हें चिठ्ठ्या टाकून ठरलें नव्हतें. आणि शिकवितांना दरडावणें व मांडीवर चापट यांचाहि उपयोग झाला होता. चाळीस तास शिक्षक पुरविणें किती कुटुंबांस परवडेल, हा प्रश्न वेगळाच.

आमची तक्रार पुस्तकाच्या उपनांवापासून सुरू होते. तेथें ऑटिझमवर एका कुटुंबानें मिळविलेल्या विजयाची ग्वाही आहे. मग उरलेल्या दहा मुलांचें काय? त्यांच्या आईबापांनीं हें पुस्तक मिटतांना स्वतःस पराभूत समजावें कीं काय? २००४ सालीं मिशेल डॉसन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या कॅनेडियन लेखिकेनें वर्तनवाद्यांच्या नीतीसच आव्हान दिलें. मुलांस सर्वसामान्यांसारखें दिसावयास लावण्याचा हा आग्रह कोणाच्या हिताचा, ही शंका तिचें लेखन वाचून आमच्याहि मनांत घर करून राहिली.

तथापि याच शास्त्रानें दुसरेंहि काम केलें आहे. कार व ड्युरंड यांनीं १९८५ सालीं दाखविलें कीं मूल दांडगाई कशासाठीं करतें हें आधीं पाहावें, आणि मदत किंवा लक्ष मागण्याचे साधे शब्द त्यास शिकवावे. मग दांडगाईची गरज ओसरते. येथें मुलाला बदलण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकावें लागतें. उरलेल्या दहा मुलांच्या घरीं निकड असते ती याच कामाची, आणि त्याविषयीं या पुस्तकांत आम्हांस फारसें कांहीं सांपडलें नाहीं.